हौशी आणि धंदेवाईक : मुंबईच्या वाद्यवृंदाचा इतिहास

मराठी रंगभूमीच्या इतिहासात ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ ही जोडी आपल्या चांगल्या परिचयाची आहे. या दोन शब्दांमागे निव्वळ पैशाचा हिशेब नसतो; प्रतिष्ठेचा, वर्गाचा आणि कलेविषयीच्या भूमिकेचाही असतो. मुंबईतील पाश्चात्त्य संगीताच्या वाद्यवृंदांचा आणि गायनवृंदांचा इतिहास वाचताना हीच जोडी पुन्हा सामोरी येते. तिच्या आधारे या इतिहासाकडे पाहिले, तर नेत्यांची नावे ठळक आणि वादकांची नावे पुसट असे जे चित्र आपल्यापुढे येते, त्याची कारणे काही अंशी उलगडतात, असे आम्हांला वाटते.

आरंभ १९३४ पासून करता येईल. त्या वर्षी वॉल्टर काउफमान हा सव्वीस वर्षांचा संगीतकार मुंबईत उतरला. जन्म बोहेमियातल्या कार्ल्सबादचा, शिक्षण बर्लिन आणि प्राग येथे. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यानंतर ज्यू कलावंताला तेथे भवितव्य उरले नव्हते. साहित्याच्या अभ्यासकांना आणखी एक धागा रोचक वाटेल : काउफमानची पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्काच्या बहिणीची मुलगी. मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच काउफमानने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. पियानोवर तो स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एदिजिओ वेर्गा हा इटालियन वादक. विलिंग्डन जिमखान्यात दर आठवड्याला मैफली होऊ लागल्या आणि पहिल्या तीन वर्षांतच त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. पुढे काउफमान आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. तंबोऱ्याच्या सुरावर उमटणारी आकाशवाणीची ती ओळखधून त्याच्या नावावर मोडते. तीतले व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवले, असे सांगितले जाते. म्हणजे देशातील लाखो घरांची सकाळ ज्या सुरांनी उजाडली, ते एक निर्वासित ज्यू आणि एक मुंबईकर पारशी यांच्या सहवासातून आले.

भारतीय संगीत पहिल्यांदा ऐकले तेव्हा ते काउफमानला अगम्य वाटले होते. पण ज्या समाजाने हे संगीत घडवले त्याला बुद्धीही आहे आणि हृदयही, तेव्हा उणीव ऐकणाऱ्यात असली पाहिजे, असा विचार करून तो अभ्यासाला लागला. त्याने १९४६ मध्ये भारत सोडला. पण उत्तर आणि दक्षिण भारतीय रागांवरचे त्याचे ग्रंथ अनुक्रमे १९६८ आणि १९७६ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. आपले अज्ञान हे समोरच्याचे वैगुण्य नव्हे, ही जाण समीक्षेच्या विद्यार्थ्यांनीही जवळ बाळगावी अशी आहे.

मेहली मेहता (१९०८-२००२) हे या कथेतील मध्यवर्ती व्यक्तिमत्त्व. त्यांनी १९३५ मध्ये ‘बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. आधी प्रमुख व्हायोलिनवादक म्हणून आणि पुढे संचालक म्हणून तो वीस वर्षे टिकवला. मधल्या काळात जूल्स क्रान या बेल्जियन संगीतकारानेही त्याचे संचालन केले. मेहतांनी १९४५ मध्ये न्यूयॉर्क गाठले आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी इव्हान गालामियन यांच्यापुढे पुन्हा शिष्य म्हणून उभे राहिले. परतल्यावर त्यांनी वाद्यवृंदाला नवी शिस्त लावली. झुबिन मेहतांचे बालपण या तालमी ऐकण्यातच गेले. पुढे १९५४ मध्ये झुबिन व्हिएन्नाला गेले. १९५५ मध्ये मेहलीही मुंबई सोडून मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात दाखल झाले आणि नंतर अमेरिकेत स्थायिक झाले. लॉस एंजेलिस येथे १९६४ मध्ये त्यांनी ‘अमेरिकन यूथ सिम्फनी’ स्थापन केली व १९९८ पर्यंत तिचे नेतृत्व केले.

आता प्रश्न असा की, या वाद्यवृंदात प्रत्यक्ष वाजवत कोण होते? तारवाद्यांच्या रांगांत काही पारशी आणि युरोपीय हौशी वादक होते. दिवसा कचेरी, व्यापार किंवा घर सांभाळून संध्याकाळी तालमीला येणारे. फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडकडे वळावे लागे. आणि उरलेल्या खुर्च्यांवर होते गोमंतकीय ख्रिस्ती वादक. त्यांचा हा धंदा होता. हॉटेलात नृत्यसंगीत, मूकपटांच्या काळात पडद्यासमोरचा खड्डा, बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ, लग्ने आणि अंत्ययात्रा, अशी त्यांची मिळकत. सिम्फनीची तालीम म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्या बिदागीवर सोडलेले पाणी.

हे वादक आले कोठून? पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चमध्ये प्रार्थनासंगीताची गरज होती आणि ती भागवण्यासाठी गावोगावच्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणारा तो ‘मेस्त’. जमिनीचा तुकडा नसलेल्या घरातले पोर या शाळेतून एक असे कसब घेऊन बाहेर पडे, जे गोव्यात पोट भरू शकत नव्हते, पण मुंबईत, कलकत्त्यात, रंगूनमध्ये विकले जाई. मुंबईला आल्यावर धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडां’त पथारी पडे. कागदावरचे सूर पाहताक्षणी वाजवणारा वादक ही या शहराची मोठी गरज होती आणि ती एका खेडवळ, कॅथलिक, कोंकणीभाषक समाजाने पुरवली, याची नोंद आपल्या सांस्कृतिक इतिहासांत अगदी तुरळक आढळते.

मुंबई राज्यात १९५० मध्ये पूर्ण दारूबंदी लागू झाली. हॉटेलांतील नृत्यसंगीताचा बाजार बसला आणि वादकांचा ओघ चित्रपटांकडे अधिक वळला. शंकर-जयकिशन यांच्या गीतांना भरघोस वाद्यमेळ देणारे सेबॅस्टियन डिसोझा, ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट अशी कितीतरी नावे या ओघातली. संगीतदिग्दर्शक चाल बांधी. ती स्वरलिपीत उतरवून पन्नास-साठ वाद्यांत वाटून देण्याचे काम संयोजक करी. ध्वनिमुद्रिकेवर मात्र गायक, कवी आणि संगीतदिग्दर्शक एवढ्यांनाच जागा मिळे. वादकाला पाळीचे पैसे मिळत, नाव मिळत नसे.

या पार्श्वभूमीवर अँथनी गोन्साल्विस यांचा १९५८ मधील प्रयोग विशेष वाटतो. माजोर्डा गावी १९२७ मध्ये जन्मलेले गोन्साल्विस चित्रपटसृष्टीतील मान्यवर व्हायोलिनवादक व संयोजक होते. प्यारेलाल त्यांचे शिष्य. रागांच्या आधारे सिम्फनीच्या घाटाची रचना करावी, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी त्यांनी शंभराहून अधिक वादक जमवले आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना गायनासाठी बोलावून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात कार्यक्रम केला. आजवर दुसऱ्याच्या हुकमतीखाली वाजवणारा धंदेवाईक वादक येथे रचनाकार आणि नेता म्हणून उभा राहिला. हा प्रयोग फार काळ चालला नाही. आश्रयदाता नव्हता आणि स्टुडिओची पाळी चुकवून किती दिवस तालमी करणार? गोन्साल्विस पुढे अमेरिकेला गेले, परतले आणि गोव्यात निवृत्त जीवन जगून २०१२ मध्ये निवर्तले. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात प्यारेलालांनी गुरूचे नाव गोवले. ते नाव देशभर दुमदुमले. पण त्या नावाचा माणूस खरोखरच होता, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

गायनवृंदाची गोष्ट थोडी निराळी. व्हिक्टर परंज्योती यांनी १९५० च्या दशकात ‘परंज्योती अकॅडमी कोरस’ची स्थापना केली. त्यांच्या निधनानंतर १९६७ मध्ये सूत्रे कूमी वाडिया यांच्याकडे आली आणि पुढे सुमारे अर्धशतक त्यांनी ती सांभाळली. सामूहिक गायनाला वाद्य विकत घ्यावे लागत नाही. सभासद हौशीच असतात आणि कोणाची बिदागी बुडत नाही. युरोपीय रचनांबरोबर भारतीय लोकगीतांची बहुस्वरी मांडणीही या वृंदाने परदेशी श्रोत्यांपुढे सादर केली. नेतृत्व एका हातातून दुसऱ्या हाती सुखरूप गेले, हे त्याचे मोठे यश. बॉम्बे सिम्फनीला तेवढे जमले नाही. मेहलींच्या पाठोपाठ तिचा कणाच निघून गेला. १९६२ मध्ये जिनी दिनशा यांनी स्थापलेल्या ‘बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा’ने हौशी वादकांची परंपरा पुन्हा सावरली.

२००६ मध्ये राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राने ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन केला. पुढाकार खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांचा. वादकांचा मोठा हिस्सा परदेशातून, विशेषतः कझाकस्तानातून आणावा लागला. ज्या शहरात १९५८ मध्ये एका संयोजकाच्या हाकेला शंभर वादक जमले, त्याच शहराला पन्नास वर्षांनी वादक आयात करावे लागावेत, याचा अर्थ काय? आमच्या मते उत्तर धंद्यात दडलेले आहे. गोव्यातील पॅरिश शाळांची परंपरा क्षीण झाली. सिंथेसायझर आल्यावर स्टुडिओतील खुर्च्या रिकाम्या झाल्या. वादकांनी मुलांना व्हायोलिनऐवजी नोकरीचा मार्ग दाखवला आणि त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. हौशी मंडळींचे प्रेम खरे होते, पण ज्या पायावर ते उभे होते तो पोटासाठी वाजवणाऱ्यांनी घातला होता.

नेत्यांचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. मेहली मेहता नसते तर त्या खुर्च्या मांडल्याच गेल्या नसत्या. मात्र हौशीला कलाप्रेमी आणि धंदेवाईकाला भाडोत्री मानण्याची आपली जुनी सवय इतिहासलेखनातही उतरते. संगीत नाटकाच्या साथीदारांविषयी, तमाशातील ढोलकीवाल्यांविषयी आपण फारसे लिहून ठेवलेले नाही. वाद्यवृंदातील मागच्या रांगांची उपेक्षा ही त्याच सवयीची दुसरी बाजू आहे. ज्यांनी ती पाने वाजवली त्यांची पिढी आता सरत आली आहे. त्यांच्या आठवणी कोंकणीत आहेत, इंग्रजीत आहेत आणि काही प्रमाणात मराठीतही आहेत. त्या ऐकून टिपून ठेवण्याचे काम विद्यापीठांतील भाषा-विभागांनी हाती घेतले, तर मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासातील एक कोरे प्रकरण लिहिले जाईल.