तपासणाऱ्याचं नाव

मंडळी, या वेळचा विषय पाहून काहीजण म्हणतील, "मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या बाईंना लिनक्सशी काय देणंघेणं?" प्रश्न रास्त आहे. पण इतिहास काही फक्त गडकिल्ल्यांचाच नसतो. हा लेख तुम्ही अँड्रॉइडच्या मोबाइलवर वाचत असाल, तर त्याच्या पोटात लिनक्सचा कर्नल आहे. (हा लष्करातला कर्नल नव्हे! कर्नल म्हणजे गाभा, फळात कोय असते तसा.) हा लेख तुमच्या मोबाइलवर येतो तो त्या गाभ्यातल्या नेटवर्कच्या भागामुळे. हा भाग कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरातल्या माणसांनी, काही पगारी तर काही हौशी, तो थोडाथोडा लिहिला आणि दुसऱ्यांनी तपासला. मला कुतूहल वाटलं ते या तपासण्याचं. जन्मभर वह्या तपासल्या, दुसरं काय सुचणार!

आधी थोडं सांगायला हवं. कर्नलमध्ये काही सुधारणा करायची तर 'पॅच' पाठवतात. पॅच म्हणजे अगदी शब्दशः ठिगळ. सगळी फाइल पाठवायची नाही. जी ओळ काढली तिच्यापुढे वजाचं चिन्ह, जी घातली तिच्यापुढे अधिकचं, आणि आजूबाजूच्या दोनतीन ओळी, म्हणजे ठिगळ कुठे बसवायचं ते कळतं. १९८५ साली लॅरी वॉलने असं ठिगळ आपोआप जागेवर बसवणारा प्रोग्रॅम लिहिला, त्याचंही नाव पॅचच. हेल्सिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केलं, तेव्हा हे साधन तयारच होतं.

लिनक्सला नेटवर्क मिळालं १९९२ मध्ये, रॉस बिरो याच्या हातून. मे १९९३ मध्ये तो बाजूला झाला आणि फ्रेड व्हॅन केम्पेनने काम हाती घेतलं. त्याने बराचसा भाग नव्याने लिहायला काढला, त्याला 'नेट-२' म्हणत. त्याच्या मनातला आराखडा मोठा होता. पण घराचा आराखडा कितीही सुंदर असला तरी पावसाळ्यात माणूस आधी छप्पर गळतंय का ते बघतो. वेल्समधल्या स्वान्झी इथे अ‍ॅलन कॉक्स नावाचा तरुण हीच गळती शोधत होता. जिथे यंत्र बंद पडे तिथली चूक शोधायची, ठिगळ लावायचं, पाठवून द्यायचं. त्याच्या कामाला नावही कसं पडलं बघा, 'नेट-२ डीबग्ड', म्हणजे चुका काढलेलं नेट-२. टोरवाल्ड्सने शेवटी याचंच काम स्वीकारलं. मार्च १९९४ मध्ये लिनक्सची १.० आवृत्ती निघाली, त्यानंतर ते 'नेट-३' झालं. नव्याने बांधणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणारा पुढे गेला. इतिहासात असं फार वेळा होत नाही, किंवा होतं पण नोंदलं जात नाही.

पुढे ठिगळं वाढली आणि तपासणारा मात्र एकच, टोरवाल्ड्स. १९९८ च्या सप्टेंबरात लोक ओरडू लागले की आम्ही पाठवलेलं तीनतीनदा पाठवूनही हरवतंय. तो वैतागून काही दिवस बाजूलाच झाला. शंभर मुलांच्या वर्गावर एकच शिक्षिका असेल तर वह्यांचा ढीग कसा साठतो, ते मला कुणी समजावून सांगायला नको! उपाय निघाला तो श्रमविभागणीचा. प्रत्येक विभागाला एक सांभाळणारा. नेटवर्कचा विभाग डेव्हिड मिलरने दोन दशकांहून अधिक काळ सांभाळला. २०२० पासून याकुब किचिन्स्की आणि नंतर आणखी काहीजण त्याच्या जोडीला आले. साधनंही बदलली. २००२ मध्ये बिटकीपर नावाचा प्रोग्रॅम आला, त्याची फुकट वापराची सवलत २००५ मध्ये गेली, आणि त्याच एप्रिलमध्ये टोरवाल्ड्सने 'गिट' लिहायला घेतलं. आज जगभरचे प्रोग्रॅमर ते वापरतात.

नेटवर्क विभागाचे नियम मात्र वाचण्यासारखे आहेत. एका ठिगळात एकच गोष्ट करायची. एका वेळी पंधरापेक्षा जास्त ठिगळं पाठवायची नाहीत, तपासणाराही माणूसच आहे. काय बदललं यापेक्षा का बदललं ते नीट लिहायचं. चूक दाखवली तर सुधारून पुन्हा पाठवायचं, पण चोवीस तास थांबून, म्हणजे बाकीच्यांनाही वाचायला वेळ मिळतो. दुरुस्त्यांची शाखा वेगळी आणि नवलाईची वेगळी. आणि गंमत म्हणजे, फंक्शनच्या सुरुवातीला जी नावं जाहीर करायची, त्यांतली लांब ओळ वर आणि आखूड खाली लावायची. उलटं धरलेलं नाताळचं झाड! समासावर आणि पानाच्या तारखेवर अडून बसणाऱ्या आम्हा शिक्षकांना मुलं हसायची. बघा, इथेही तेच चालतं.

आता एक मोठी गोष्ट. जेसन डोनेनफेल्डने 'वायरगार्ड' नावाचं काम केलं. दोन यंत्रांमधलं बोलणं तिसऱ्याला कळू नये म्हणून कुलूपबंद करायचं, तेही जेमतेम चार हजार ओळींत. २०१८ मध्ये त्याने ते कर्नलसाठी पाठवलं. खुद्द टोरवाल्ड्सने त्याला कलाकृती म्हटलं. आपल्याकडे साहेब खूश झाले की फाइल त्याच दिवशी सुटते. इथे तसं झालं नाही. सांकेतिक लिपीचं गणित करणारा एक विभाग कर्नलमध्ये आधीपासून होता, आणि डोनेनफेल्डने त्याच्या शेजारी स्वतःचा नवाच संच आणला होता. जुन्या विभागाच्या लोकांचं म्हणणं, घरात एक विहीर असताना दुसरी कशाला? त्याचं म्हणणं, जुन्या विहिरीवरचा रहाट फार अवघड आहे. वर्षभराहून अधिक काळ हे चाललं. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याने माघार घेतली आणि जुन्या रचनेशी जुळवून घ्यायचं ठरवलं. जुन्या विभागातही सोप्या वापराची सोय केली गेली. डिसेंबरमध्ये मिलरने ते आपल्या शाखेत घेतलं आणि मार्च २०२० च्या ५.६ आवृत्तीत ते सगळ्यांना मिळालं. सर्वोच्च माणसाची स्तुती तपासणीला पर्याय ठरली नाही, हे मला या गोष्टीत फार मोलाचं वाटतं.

अर्थात हा सगळा डोलारा विश्वासावर उभा आहे, आणि विश्वासाची परीक्षा घेणारेही भेटतातच. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये मुद्दाम सदोष ठिगळं पाठवली, तपासणाऱ्यांना ती सापडतात का ते पाहायला, आणि त्यावर निबंध लिहिला. एप्रिल २०२१ मध्ये त्याच विद्यापीठातून नेटवर्क विभागातल्या एका फाइलसाठी आणखी एक निरर्थक ठिगळ आलं, तेव्हा ग्रेग क्रोह-हार्टमन या ज्येष्ठ सांभाळणाऱ्याचा संयम सुटला. त्याने त्या विद्यापीठाचं सगळंच काम घेणं थांबवलं. जुनी ठिगळं पुन्हा उसवून तपासली गेली. बहुतेक ठीकच निघाली, पण तो वेळ कुणाचा गेला? तपासणाऱ्यांचाच. संशोधकांनी माफी मागितली आणि निबंध मागे घेतला. तपासणाऱ्याला न विचारता त्याच्यावर प्रयोग करणं म्हणजे त्याच्या श्रमांची चोरीच, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असेल तर जरूर लिहा.

आता मूळ मुद्दा. २००४ पासून प्रत्येक ठिगळाखाली पाठवणाऱ्याची सही लागते, की हे काम द्यायचा मला हक्क आहे. वाटेत ज्याच्या ज्याच्या हातून ते पुढे जातं, तोही सही करतो. शिवाय चूक कुणी कळवली, चाचणी कुणी घेतली, आणि 'रिव्ह्यूड-बाय', म्हणजे तपासलं कुणी, तेही लिहितात. ही नावं त्या बदलाच्या नोंदीत कायमची राहतात. वीस वर्षांनी कुणी विचारलं की ही ओळ इथे का आहे, तर लिहिणारा आणि तपासणारा, दोघंही सापडतात.

आपल्याकडे गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याचं नाव असतं, शाळेचं असतं. ज्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत घामाघूम होऊन ते पेपर तपासले त्याचं नसतं. पुस्तकावर लेखकाचं नाव ठळक, मुद्रितं तपासणाऱ्याचं बहुधा नाहीच. नाव नसलं की श्रेय जातं हे खरं, पण त्याबरोबर जबाबदारीही जाते. चुकीचे गुण दिले कुणी, हे मग कुणालाच सांगता येत नाही. लिनक्सवाल्यांनी दोन्ही एकाच ओळीत बांधून टाकलं.

असो. लेख लांबला. माझ्या नातेवाइकांत जे कॉम्प्युटरवाले आहेत त्यांनी तांत्रिक भाग वाचून बघावा, आणि काही खटकलं तर खाली लिहावं. तपासणाऱ्याचं नाव मी लेखात नक्की घालीन!