धूम्रपानत्यागाची पूर्वतयारी आणि सोबतगटाचे कार्य

१. विषयमर्यादा व व्याख्या

धूम्रपान सोडण्याविषयीची बहुतेक चर्चा निश्चयापासून सुरू होते आणि निश्चयापाशीच थांबते. प्रस्तुत विवेचनाचा विषय त्याहून मर्यादित आहे. सोडण्याचा निर्णय झाल्यापासून शेवटची सिगारेट विझेपर्यंतचा काळ, आणि त्या काळात त्याच मार्गावरच्या इतर माणसांची सोबत नेमके कोणते कार्य करते, एवढाच तो आहे. त्यासाठी चार संज्ञा प्रथम निश्चित केल्या पाहिजेत.

(अ) त्याग: ठरलेल्या दिवसापासून एकही झुरका न घेणे. दिवसाच्या पंधरा सिगारेटी पाचावर आणणे हा त्याग नव्हे. सिगारेट सोडून तंबाखू-चुना मळू लागणे हाही त्याग नव्हे. त्यात निकोटिनचा मार्ग तेवढा बदलतो. महाराष्ट्राच्या संदर्भात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. दुसरा मार्ग येथे सदैव हाताशी असतो.

(आ) तल्लफ: धूम्रपानाची तीव्र पण अल्पकालीन इच्छा. ती सामान्यतः काही मिनिटांत ओसरते, मग ती भागवली जावो वा न जावो.

(इ) पूर्वतयारी: त्यागाच्या दिवसापूर्वी केलेली अशी कृती, जिचा उपयोग त्या दिवसानंतर होतो. 'एवढी दिवाळी होऊ दे, मग बघू' हे म्हणणे या व्याख्येत बसत नाही, कारण त्यातून पुढे उपयोगी पडणारे काहीही निर्माण होत नाही. जेम्स प्रोचास्का व कार्लो डिक्लेमेंटी यांनी १९८३ साली धूम्रपान स्वतःहून सोडणाऱ्यांच्या अभ्यासावरून परिवर्तनाच्या अवस्था मांडल्या. या मांडणीच्या पुढे रूढ झालेल्या रूपात तयारी ही विचार आणि कृती यांच्यामधली स्वतंत्र अवस्था मानली जाते. तिची मर्यादा साधारण एक महिना आहे.

(ई) सोबतगट: धूम्रपान सोडू पाहणाऱ्या व सोडलेल्या व्यक्तींचा असा समूह, ज्यात साहाय्य देणारा आणि घेणारा या भूमिका कालांतराने बदलतात. डॉक्टर, समुपदेशक व कुटुंबीय यांचे साहाय्य याहून भिन्न प्रकारचे असते.

२. अवलंबनाचे तीन घटक

पूर्वतयारी कशाविरुद्ध करायची, हे अवलंबनाच्या घटकांवरून ठरते. असे घटक तीन आहेत.

पहिला घटक शारीरिक. धुरातील निकोटिन फुप्फुसांवाटे सुमारे दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते, तेथील विशिष्ट ग्राहींना उद्दीपित करते आणि डोपामिन स्रवते. दीर्घकाळच्या सेवनाने या ग्राहींची संख्या वाढते. रक्तातील निकोटिनचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होत असल्याने दिवसातून अनेकदा भरपाई करावी लागते. भरपाई थांबली की काही तासांतच चिडचिड, बेचैनी, उदासी, निद्राभंग, वाढलेली भूक आणि ढळलेली एकाग्रता ही लक्षणे सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती तीव्रतम असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात.

दुसरा घटक साहचर्याचा. चहा, जेवणाचा शेवट, फोनवरचे संभाषण, कामातला ताण, यांपैकी प्रत्येकाशी सिगारेट हजारो वेळा जोडली गेलेली असते. शरीरातून निकोटिन पूर्णपणे गेल्यानंतरही हे संकेत तल्लफ जागवू शकतात.

तिसरा घटक सामाजिक. दुपारी कचेरीतून चौघे उठतात, टपरीवर जातात. सुतळीला बांधलेला लायटर एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो, आणि वरिष्ठांसमोर न बोलता आलेले तेथे बोलले जाते. सिगारेट सोडणाऱ्याला ही बैठकही सुटण्याची भीती असते. ही भीती खोटी नाही आणि तिची दखल घेतलीच पाहिजे.

औषध पहिल्या घटकावर काम करते. दुसऱ्यासाठी योजना लागते. तिसऱ्या घटकात जी पोकळी निर्माण होते, ती माणसांनीच भरून निघते.

३. पूर्वतयारीची आवश्यकता

वरील लक्षणांच्या यादीतील एक लक्षण तर्कदृष्ट्या इतरांहून वेगळे आहे: ढळलेली एकाग्रता. चिडचिड किंवा भूक यांमुळे त्याग कष्टप्रद होतो. एकाग्रता ढळल्याने मात्र ते कष्ट हाताळणारे साधनच दुबळे होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी 'एकच ओढली तर काय होते?' हा प्रश्न मनात उभा राहतो, तेव्हा त्याचे उत्तर देणारी बुद्धी तिच्या नेहमीच्या अवस्थेत नसते. जो निर्णय सर्वाधिक महत्त्वाचा, तो घेण्याची वेळ सर्वाधिक प्रतिकूल असते.

यावरून पूर्वतयारीचे तत्त्व निष्पन्न होते. त्या क्षणी घ्यावे लागणारे निर्णय आधीच, स्थिरचित्ताने, घेऊन ठेवले पाहिजेत. परंतु घेतलेला निर्णय ज्या मनात साठवायचा, तेच मन त्या क्षणी अविश्वसनीय होणार असेल, तर तो केवळ तेथेच साठवून भागणार नाही. त्याची प्रत अन्यत्र हवी. कोणतेही साहाय्य न घेता केलेल्या प्रयत्नांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे प्रयत्न सुमारे ३ ते ५ टक्केच असतात. त्यातून माणसांचा निश्चय खोटा असतो, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. निश्चय एकाच ठिकाणी ठेवलेला असतो, हे त्याचे अधिक संयुक्तिक स्पष्टीकरण होय. मृगाआधी घर शाकारणारा जे जाणतो तेच येथे लागू आहे: गळती पाऊस लागल्यावर दिसते, पण काम त्यापूर्वीच उरकावे लागते.

४. पूर्वतयारीचे चार टप्पे

पहिला टप्पा निरीक्षणाचा. आठवडाभर नेहमीप्रमाणेच ओढावे, मात्र प्रत्येक सिगारेट पेटवण्यापूर्वी नोंद करावी: वेळ, ठिकाण, सोबत कोण, आणि इच्छेची तीव्रता एक ते पाचच्या मापाने. 'सकाळी ७.१०, गॅलरी, चहा, एकटा, ५.' 'दुपारी १.३०, टपरी, सगळे उठले म्हणून, २.' अशा दोन नोंदींतूनच दोन भिन्न घटक वेगळे दिसू लागतात. पहिली सिगारेट शरीराने मागितली होती, दुसरी मंडळींनी. शारीरिक अवलंबनाचे मापन फागरस्ट्रॉम यांच्या १९९१ च्या सहा प्रश्नांच्या कसोटीने होते. त्यात दिवसातील सिगारेटींच्या संख्येइतकेच महत्त्व उठल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांत ओढली जाते, याला आहे. पाच मिनिटांच्या आत असेल तर अवलंबन तीव्र समजावे.

दुसरा टप्पा दिनांकनिश्चितीचा. दिवस दोन ते चार आठवड्यांच्या आतला असावा. त्याहून दूरचा दिनांक टाळाटाळीत जमा होतो. एकदम सोडावे की हळूहळू, हा येथील वादविषय आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका चाचणीत ६९७ व्यक्तींचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना निकोटिनची पर्यायी साधने व समुपदेशन मिळाले. ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनंतर धूरमुक्त होते, तर आधी दोन आठवडे प्रमाण घटवत आणणाऱ्यांपैकी ३९.२ टक्के. म्हणून सामान्य नियम असा: तयारी टप्प्याटप्प्याने करावी, त्याग एका दिवशी करावा.

तिसरा टप्पा औषधयोजनेचा. तो त्यागापूर्वीच का येतो, याचे कारण औषधांच्या कार्यपद्धतीत आहे. व्हॅरेनिक्लिन साधारणतः त्यागाच्या एक आठवडा आधी, तर ब्युप्रोपियॉन एक ते दोन आठवडे आधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू करावे लागते. निकोटिनचा च्युइंगगमही नुसता चघळायचा नसतो. दोन-चार वेळा चावून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचा असतो, आणि चहा-कॉफीनंतर लगेच घेतल्यास त्याचे शोषण घटते. अशा बारकाव्यांची माहिती आधी नसेल तर 'गमचा उपयोग होत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आणखी एक बाब क्वचितच सांगितली जाते. धुरातील घटकांमुळे यकृतात कॅफिनचे विघटन जलद होत असते. धूम्रपान थांबताच हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तात अधिक कॅफिन साठते. त्यागानंतरच्या बेचैनीचा काही भाग याचा असू शकतो. म्हणून चहा-कॉफीचे प्रमाण बरेच कमी करण्याचे आधीच ठरवावे. थिओफायलिन, क्लोझापिन यांसारखी औषधे घेणाऱ्यांनी तर सोडण्यापूर्वी डॉक्टरांना कळवणे अनिवार्य आहे, कारण त्याच कारणाने त्यांची मात्रा बदलावी लागू शकते.

चौथा टप्पा परिसर व प्रतियोजनेचा. आदल्या रात्री घरातील पाकिटे, काड्यापेट्या, रक्षापात्रे आणि 'पाहुण्यांसाठी' ठेवलेली सिगारेटही बाहेर गेली पाहिजे. त्यानंतर पहिल्या टप्प्यातील प्रत्येक संकेतापुढे एक कृती लिहावी. वाक्याची रचना 'अमुक झाले, तर मी तमुक करीन' अशीच हवी. 'जेवण झाले, तर मी ताबडतोब दात घासीन.' 'सगळे टपरीकडे निघाले, तर मी जिन्याने गच्चीवर जाईन आणि गटातल्या एकाला फोन करीन.' 'मनावर ताबा ठेवीन' हे वाक्य या कसोटीस उतरत नाही, कारण त्यात कृती नाही.

५. सोबतगटाची तीन कार्ये

या चार टप्प्यांशी सोबतगटाचा संबंध तीन प्रकारे येतो.

पहिले कार्य ज्ञानसंक्रमणाचे. चौथ्या दिवशी काय वाटते, हे डॉक्टर वर्णन करू शकतो. ज्याचा चौथा दिवस गेल्या महिन्यात झाला, तो साक्ष देऊ शकतो. त्या साक्षीने नवागताला पुढे येणारे लक्षण ओळखीचे होते, आणि ते मार्गाचाच भाग आहे हे त्याला पटते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून चालत आलेल्या कार्यात व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींचा वाटा मोठा राहिला आहे. त्यामागचे तत्त्व हेच.

दुसरे कार्य साक्षीदाराचे. दिनांक, कारणे आणि प्रतियोजना गटापुढे लेखी ठेवल्या की तिसऱ्या विभागातील अट पूर्ण होते: निर्णयाची प्रत अन्यत्र जाते. रात्री साडेदहाला एक जण कळवतो, 'पानपट्टीसमोर उभा आहे.' उत्तर येते, 'तू लिहून दिलं होतंस, असं झालं तर मुलीच्या शाळेपर्यंत चालत जाईन. चालायला लाग, मी फोन करतो.' येथे उत्तर देणाऱ्याने नवा सल्ला दिलेला नाही. त्याने त्या माणसाचाच विवेक त्याला परत केला आहे. नव्या युक्तिवादावर वाद घालता येतो. स्वतःच्या अक्षरावर घालणे अवघड जाते.

तिसरे कार्य सामाजिक स्थानांतराचे. फ्रॅमिंगहॅम येथील १२,०६७ व्यक्तींची १९७१ ते २००३ या काळातील माहिती तपासून निकोलस क्रिस्टाकिस व जेम्स फाउलर यांनी २००८ साली दाखवले, की धूम्रपान माणसे सुटी सुटी सोडत नाहीत, परस्परसंबद्ध समूहच्या समूह ते सोडतात. जोडीदाराने सोडल्यास दुसऱ्याने धूम्रपान करण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली. मित्राने सोडल्यास ३६, भावंडाने सोडल्यास २५, आणि लहान आस्थापनेतील सहकाऱ्याने सोडल्यास ३४ टक्क्यांनी. ज्याच्या घरात व मित्रमंडळींत कोणीच सोडलेले नाही, त्याला हा लाभ मिळत नाही. सोबतगट त्याला असे निकटवर्ती मिळवून देतो. ते काम त्यागापूर्वीच झाले पाहिजे, कारण संकटाच्या क्षणी अनोळखी माणसाला फोन केला जात नाही. ओळख, विश्वास आणि एकमेकांच्या दिनक्रमाची माहिती जुळायला दोन-तीन आठवडे लागतात.

६. मर्यादा

सोबतगटाच्या मर्यादा तीन आहेत. (१) त्याने औषधाची मात्रा सुचवू नये. हृदयविकार, गर्भावस्था, मानसिक आजार किंवा फिट्स येण्याचा पूर्वेतिहास असेल तर निर्णय डॉक्टरांचाच. भारतातील राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या विनामूल्य क्रमांकावर उपलब्ध आहे. २०१८ पासून तो तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. (२) चर्चा ही कृतीची जागा घेऊ शकते. दिनांक न ठरवता महिनोन् महिने गटात राहणारा सदस्य तयारी करत नसून तिचा आभास अनुभवत असतो. त्याला दिनांक विचारणे हे गटाचे कर्तव्य आहे. (३) एकाच सोबत्यावर सर्व भार टाकू नये. तो स्वतः घसरल्यास दोघेही घसरतात. किमान तिघांचे क्रमांक हाताशी असावेत.

७. स्खलन आणि पुनरावर्तन

त्यागानंतर ओढलेली एक सिगारेट हे स्खलन. पूर्वीच्या क्रमाकडे परतणे हे पुनरावर्तन. ॲलन मार्लॅट यांनी या दोहोंमधील दुवा स्पष्ट केला: स्खलनानंतर माणूस 'माझ्यात दमच नाही' असा स्वतःविषयी निष्कर्ष काढतो, आणि तो निष्कर्षच पुढच्या सिगारेटीला मोकळीक देतो. म्हणून स्खलनानंतर काय करायचे, हेही पूर्वतयारीतच लिहिलेले हवे: उरलेले पाकीट टाकणे, तासाभरात गटाला सांगणे, आणि संकेत कोणता होता याची नोंद. येथे गटाचे वर्तन निर्णायक ठरते. जेथे स्खलन सांगण्याची लाज वाटते, तेथे ते लपवले जाते. लपवलेले स्खलन पुनरावर्तनात बदलते. ऐकणाऱ्याने पहिला प्रश्न 'का ओढलीस?' असा न विचारता 'त्या वेळी काय चाललं होतं?' असा विचारावा. पहिल्या प्रश्नाने आरोपी तयार होतो, दुसऱ्याने माहिती मिळते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनाचे सार चार विधानांत मांडता येते. निकोटिनचा अभाव निर्णयशक्तीला दुर्बल करतो. म्हणून निर्णय आधी घ्यावे लागतात. आधी घेतलेले निर्णय केवळ स्वतःपाशी सुरक्षित राहत नाहीत. म्हणून ते इतरांपाशी ठेवावे लागतात. इतरांपाशी ते ठेवता यावेत इतका परिचय व्हायला अवधी लागतो. म्हणून सोबतगटाचे खरे कार्य त्यागाच्या दिवसापूर्वी सुरू होते. आणि जो आज साहाय्य घेतो त्याच्याकडेच उद्या चौथ्या दिवसाची साक्ष असते. म्हणून सोडून झाल्यावर काही काळ गटात थांबणे हे नव्याने येणाऱ्याचे त्याच्यावरचे ऋण आहे.

रिचर्ड डॉल व रिचर्ड पीटो यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीतून २००४ साली दाखवले, की साठाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्याला आयुष्याची सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी दहा. इतक्या वर्षांच्या तुलनेत तयारीचे तीन आठवडे अल्प आहेत. ते द्यावेत, आणि एकट्याने देऊ नयेत.