फाटलेल्या आवाजाची गोष्ट

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, बाबांच्या रेकॉर्डी आता ऐकायच्यात. व्हॉल्व्हचा प्रीअँप घेऊ का? रॉकला म्हणे तोच लागतो."

मेव्हण्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या रेकॉर्डी कपाटात तशाच होत्या, कोणी हात लावला नव्हता. भाच्याचा हिशोब साधा होता. मामा व्हॉल्व्हच्या रेडिओवर वाढला, म्हणजे त्याला हे कळणार. आता मी पडलो बीए, इतिहासाचा मास्तर. बटन फिरवलं की आधी आतले दिवे तांबूस व्हायचे आणि मग सावकाश बातम्या यायच्या, एवढंच माझं व्हॉल्व्हचं ज्ञान. पण इतिहासाच्या माणसाला काहीही विचारा, तो आधी सनावळ्या काढतो. मीही काढल्या.

अशा प्रीअँपमध्ये बहुतेक वेळा जी नळी असते तिला अमेरिकेत १२एएक्स७ म्हणतात आणि युरोपात ईसीसी८३. आरसीए कंपनीनं ती १९४७ मध्ये बाजारात आणली. त्याच वर्षी डिसेंबरात बेल लॅबोरेटरीजमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. म्हणजे हिच्या बारशालाच वैरी पाळण्यात पडला होता! तरी ही बाई अजून टिकून आहे, रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये आजही बनते.

गंमत अशी, की या एकाच नळीला दोन अगदी उलट्या नोकऱ्या मिळाल्या.

पहिली घरातली. न्यूयॉर्कच्या सॉल मॅरँट्झ यांच्या कंपनीनं १९५८ मध्ये 'मॉडेल ७' नावाचा प्रीअँप काढला, त्यात अशा सहा नळ्या. प्रीअँपचं काम काय? सुई खाचेतून जे आणते ते जेमतेम काही मिलिव्होल्ट असतं. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर वाढवलेले असतात. खर्ज दाबला नाही तर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर गाणीच मावायची नाहीत. या दाबण्या-वाढवण्याचं प्रमाण अमेरिकेत १९५४ मध्ये आरआयएएनं ठरवून दिलं. ते घरी नेमकं उलटं फिरवायचं आणि आवाज शंभरेक पटीनं वाढवायचा, तोही कुठे फाटू न देता. मॅरँट्झच्या लोकांनी सगळी अक्कल त्यातच खर्च केली.

दुसरी नोकरी स्टेजवरची. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या ड्रमच्या दुकानात गिटारचा अँप्लिफायर तयार झाला. नमुना समोर ठेवला होता फेंडर कंपनीच्या 'बासमन'चा, आणि नळी हीच, ईसीसी८३. पोरं त्याचा आवाज पूर्ण चढवायची. यंत्राला झेपेना, आवाज फाटायचा आणि पोरांना नेमका तोच हवा असायचा! ट्रान्झिस्टर मर्यादेला पोचला की एकदम कडाडतो. नळी हळूहळू दमते, दमताना मूळ सुरात वरचा सा आणि इतर सूर मिसळत जाते. आठव्या तासाला मास्तरांचा घसा बसतो ना, तसं. शब्द कळतात, पण धार वेगळी येते.

याचा कळस बीटल्सच्या 'रेव्होल्यूशन'मध्ये सापडला. १९६८ च्या जुलैत ईएमआयच्या स्टुडिओत जेफ एमेरिक या इंजिनिअरनं गिटारी अँप्लिफायरला न लावता सरळ मिक्सिंग टेबलाला जोडल्या आणि तिथले व्हॉल्व्हचे प्रीअँप एकापुढे एक लावून मुद्दाम फाडले. म्हणजे हा फाटलेला आवाज चक्क प्रीअँपचाच. पुढच्या वर्षी 'अ‍ॅबी रोड'च्या वेळी तिथे ट्रान्झिस्टरचं टेबल आलं होतं. ती रेकॉर्ड काही कोणी कमी प्रेमानं ऐकली नाही.

भाच्याला हेच सांगितलं. जे फाटायचं ते गिटारवाल्यानं आणि इंजिनिअरनं आधीच फाडून रेकॉर्डमध्ये घातलंय. घरच्या प्रीअँपनं त्यात भर घालणं म्हणजे आमटीला दुसऱ्यांदा फोडणी. व्हॉल्व्ह आवडतो तर जरूर घे, पण रॉक आहे म्हणून 'खरखरीत' आवाजाचा शोधू नकोस. मॅरँट्झच्या जातीचा घे, मार्शलच्या नको. काही स्वस्त प्रीअँपमध्ये नळीला शे-दोनशे व्होल्ट लागत असताना अगदी थोडक्या व्होल्टवर उपाशी ठेवतात आणि शोभेला खाली एलईडीचा दिवा लावतात. तशी दिवाळीची आरास घरी आणू नकोस. (हे मी वाचून सांगितलं, अनुभवानं नव्हे, हेही त्याला सांगून टाकलं.)

त्यानं महिनाभर घोळ घालून एक साधा, दोन नळ्यांचा घेतला. आरास नाही. रविवारी मला बोलावलं. मेव्हण्यांच्या गठ्ठ्यात बीटल्सची १९७० ची 'हे ज्यूड' नावाची रेकॉर्ड निघाली, त्यात 'रेव्होल्यूशन' आहे. भाच्यानं सुई ठेवली. पहिल्याच क्षणाला ती गिटार अशी फाटून आली, की ताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"अजून तसंच वाजतंय की रे," ती म्हणाली. "हे लावायचे तेव्हा दर वेळी मला वाटायचं, सुईच खराब झालीय."

आणि तिथेच खुर्ची ओढून बसली.