चौरसावर वर्तुळ : इराणी वास्तुकलेचा मूळ प्रश्न

इराणला निघालेल्या प्रवाशाच्या मनात बहुधा निळ्या चकचकीत फरशांच्या मशिदींचे चित्र असते. ते चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. फरशी हे त्या वास्तूचे वस्त्र. तिचा सांगाडा वेगळा आहे. तो एका भौमितिक प्रश्नाभोवती घडत गेला : चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा कसा?

प्रश्न नीट मांडू. घुमटाचा खालचा काठ वर्तुळाकार असतो आणि भिंतींचा वरचा काठ चौरस. वर्तुळ चारही भिंतींना फक्त मध्यावर टेकते. चार कोपऱ्यांत पोकळी उरते आणि तिच्यावरचा घुमटाचा भाग अधांतरी राहतो. हा भार भिंतींत कसा उतरवला, याची उत्तरे देणाऱ्या वास्तू आजही उभ्या आहेत. त्या कालक्रमाने पाहिल्या तर इराणी वास्तुकलेची वाढ डोळ्यांना दिसते.

1. घुमटापूर्वीचे छत

आरंभ पर्सेपोलिसपासून करावा. शिराझपासून सुमारे 60 किलोमीटरवर असलेल्या या राजधानीची उभारणी पहिल्या दारियसने इ. स. पूर्व 518च्या सुमारास सुरू केली. तिथल्या अपादान या दरबारी वास्तूत 72 दगडी खांब होते, प्रत्येक जवळजवळ 20 मीटर उंच. आज त्यांतले 13 उभे आहेत. छत लाकडी तुळयांचे होते. कोरड्या पठारावर एवढे लांब लाकूड मिळत नसे. लेबनॉनचा देवदार दूरवरून आणवणे साम्राज्यालाच परवडे. इ. स. पूर्व 330मध्ये अलेक्झांडरच्या सैन्याने लावलेल्या आगीत छत गेले, दगड उरला.

2. कोनकमान

लाकूड दुर्मीळ असेल, तर छतही दगड, माती आणि विटांचेच करावे लागते. हे पाऊल फिरूझाबादला पाहायला मिळते. सासानी घराण्याचा संस्थापक पहिला अर्दशीर याने तिसऱ्या शतकात येथे बांधलेल्या राजवाड्यात ओबडधोबड दगड आणि चुन्याच्या जाड भिंतींवर घुमट चढवले आहेत. प्रत्येक कोपऱ्यावर आडवी कमान टाकून चौरसाचा अष्टकोन केला आहे. या कमानीला आपण कोनकमान म्हणू. अष्टकोन वर्तुळाच्या बराच जवळ जातो, उरलेली फट दगडांनी भरून काढता येते आणि अधांतरी भार कमानीच्या दोन पायांवाटे भिंतींत उतरतो. पुढची हजार-दीड हजार वर्षे इराणी गवंडी याच कल्पनेला घासूनपुसून सूक्ष्म करत राहिले.

3. विटेची परिपक्वता

त्या सूक्ष्मतेचा कळस इस्फहानच्या जामे मशिदीत आहे. सेल्जुक वजीर निजाम-उल-मुल्क याने 1086-87च्या सुमारास तिथे दक्षिणेचा घुमट बांधवला. त्याचा प्रतिस्पर्धी ताज-उल-मुल्क याने 1088-89मध्ये उत्तरेचा. उत्तरेचा घुमट लहान आहे, पण अधिक निर्दोष आहे. त्यात चौरसावर आठ कमानी, आठांवर सोळा आणि सोळांवर वर्तुळ अशी चढण आहे. विटांवर फरशांचे आवरण नाही, त्यामुळे भाराचा प्रवास उघड वाचता येतो.

याच मशिदीला बाराव्या शतकात चौकाच्या चार बाजूंना चार ईवान जोडले गेले. ईवान म्हणजे तीन बाजूंनी बंद आणि चौथ्या बाजूने चौकात पूर्ण उघडणारे, कमानीच्या छताचे दालन. रणरणत्या उन्हाच्या देशात ते सावली देते आणि मोकळेपणाही देते. चार ईवानांचा हा आराखडा पुढे इराणी मशिदींचा आणि मदरशांचा मानदंड ठरला.

4. दुहेरी घुमट

घुमट मोठा होत गेला तसा भार वाढला. झंजानजवळच्या सुलतानिया येथे मंगोल शासक उल्जायतू याची कबर 1302 ते 1312 या काळात उभी राहिली. तिचे दालन मुळातच अष्टकोनी आहे, त्यामुळे कोपऱ्याचा प्रश्न अर्धा सुटला. सुमारे 50 मीटर उंचीचा तिचा घुमट दुहेरी कवचाचा आहे, म्हणजे मजबुती राखून वजन कमी केले आहे. इस्फहानच्या शाही मशिदीत, सतराव्या शतकात, ही दोन कवचे पूर्णपणे विलग झाली. बाहेरचा माथा 50 मीटरांहून उंच, तर आतले छत 38 मीटरांच्या आसपास. बाहेरचे कवच शहराच्या नजरेसाठी आणि आतले नमाज पढणाऱ्याच्या नजरेसाठी आहे.

5. रचना आणि अलंकार एकरूप

शाही मशीद ज्या नक्श-ए-जहान चौकात आहे त्याच चौकात, पूर्वेला, पहिल्या शाह अब्बासच्या कारकिर्दीत 1603 ते 1619मध्ये बांधलेली शेख लुत्फुल्ला मशीद आहे. तिला मिनार नाही, अंगणही नाही. अंधाऱ्या, वळणाच्या वाटेने आत गेले की कोनकमान थेट जमिनीपर्यंत उतरलेली दिसते. आठ कमानी तळापासून उठतात आणि चौरस केव्हा विरला ते कळत नाही. वर 16 खिडक्यांच्या जाळ्यांतून गाळीव उजेड येतो आणि घुमटावरची नक्षी माथ्याकडे बारीक होत जाते. येथे फरशी सांगाडा झाकत नाही, ती त्याच्या रेषाच गिरवते.

निष्कर्ष

या परंपरेचे धागे दख्खनपर्यंत पोहोचले आहेत. पंधराव्या शतकात खोरासानात एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर घुमट तोलण्याचे तंत्र रुळले. सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या विजापूरचा सतराव्या शतकातला गोल घुमट त्याच कुळातल्या आठ कमानींवर उभा आहे. ‘कमान’ आणि ‘गुंबज’ हे आपले शब्दही फारसीतूनच आले आहेत.

म्हणून इराणला जाल तेव्हा पर्सेपोलिस, फिरूझाबाद, जामे मशीद, सुलतानिया आणि शेवटी लुत्फुल्ला हा क्रम शक्य तितका राखा. प्रत्येक दालनात शिरल्यावर फरशांकडे वळण्याआधी मान वर करा आणि भिंतींचा कोपरा पाहा. वास्तूचे खरे कौशल्य त्या कोपऱ्यात आहे.