पांगाऱ्याची बॅट आणि मुंबईचा स्पंज

टेबल टेनिसच्या नियमावलीत एक कलम आहे, ते मला फार आवडते. बॅट कोणत्याही मापाची, कोणत्याही आकाराची आणि कोणत्याही वजनाची चालेल; फक्त तिची फळी सपाट आणि ताठ हवी. क्रिकेटची बॅट सव्वाचार इंचांहून रुंद झाली की नियमाबाहेर जाते. टेबल टेनिसमध्येही बाकी सगळे मोजून मापून आहे. चेंडू २.७ ग्रॅमचा, जाळी १५.२५ सेंटिमीटर उंच, टेबल ७६ सेंटिमीटरचे. आणि बॅटला एवढी मोकळीक! मनात आणले तर पोळपाटाएवढी बॅट घेऊन उतरा, पंच त्या मुद्द्यावर तुम्हाला अडवू शकत नाही.

पण पुढचेच कलम बजावते की त्या फळीच्या जाडीपैकी किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असला पाहिजे. हॉकीची काठी बदलली, टेनिसची रॅकेट लाकडाची धातूची झाली आणि धातूची कार्बनची झाली. टेबल टेनिसची बॅट मात्र सुताराच्या हातातून पुरती सुटली नाही. चांगली बॅट म्हणजे काय, हा प्रश्न या खेळात फार जुना आहे, आणि त्यावरचे सर्वांत मोठे भांडण आपल्या मुंबईत झाले, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नाही.

थोडे मागून सुरू करतो. इंग्लंडात १९०० च्या आसपास हा खेळ जेवणानंतरच्या करमणुकीचा होता. तेव्हा बॅटीच्या चौकटीवर कातडे ताणून बसवलेले असे, आपल्या डफासारखे, आणि दांडा लांब. सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू त्यावर आपटला की 'पिंग' आणि टेबलावर पडला की 'पाँग'. नाव तिथूनच आले म्हणतात. कातड्याची जागा लवकरच साध्या लाकडी फळीने घेतली. मग १९०२ च्या सुमारास गूड नावाच्या एका इंग्रजाने लाकडावर दाणेदार रबर चिकटवले. औषधाच्या दुकानात सुट्टे पैसे ठेवायला रबराची दाणेदार चटई होती, ती पाहून त्याला हे सुचले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, लाकूड अधिक दाणेदार रबर ही जोडी पुढे सुमारे ५० वर्षे टिकली.

या जोडीचा खेळ कसा असे? चेंडूला फिरकी थोडी मिळे आणि वेग मर्यादित राही. त्यामुळे बचाव करणाऱ्याला हरवणे महाकठीण. १९३६ साली प्रागच्या जागतिक स्पर्धेत एर्लिख आणि पानेथ या दोघांचा एक गुण दोन तासांहून जास्त वेळ चालला. डाव नव्हे, एक गुण! हा खेळ असाच रेंगाळला तर पाहायला कोण येणार, म्हणून पुढे जाळीची उंची कमी केली गेली. बॅटीला मात्र कोणी हात लावला नाही.

आता मुंबई. फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली. आशिया खंडातली ही पहिलीच. (आमचा परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. मुंबई म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांना शब्दशः दुसऱ्या राज्यातले गाव!) हंगेरी, इंग्लंड, रुमानिया, अमेरिका यांचे नामांकित खेळाडू आले होते. जपान पहिल्यांदाच उतरला होता. युद्धात होरपळलेला देश तो, त्याच्याकडून कोणाला काय अपेक्षा असणार?

त्या संघात हिरोजी सातो नावाचा चष्मा लावणारा, लहान चणीचा खेळाडू होता. त्याच्या बॅटीवर दाणेदार रबर नव्हते, जाड स्पंज होता. स्पंजात चेंडू क्षणभर रुततो आणि मग गलोलीतून सुटावा तसा बाहेर पडतो. समोरच्याने जोरात मारले तर त्याचाच जोर त्याच्याकडे परत जातो. परंतु प्रतिस्पर्ध्यांचा सर्वांत मोठा घोटाळा झाला तो आवाजाचा. त्या बॅटीतून आवाजच येत नसे. वर्षानुवर्षे या मंडळींचे कान डोळ्यांइतकेच तयार झाले होते. चेंडू किती जोराने येणार, काप दिला आहे की सरळ मारला आहे, हे ते 'टक्' ऐकून ओळखत. सातोसमोर उभे राहिल्यावर ते अर्धे बहिरे झाले. अमेरिकेचा मार्टी रीझमन हा त्या काळचा जबरदस्त आक्रमक खेळाडू, तोही सातोकडून हरला. अंतिम सामन्यात सातोने हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवले आणि जगज्जेतेपद पहिल्यांदा आशियात आले. जपानने त्या स्पर्धेत सातपैकी चार विजेतेपदे नेली. सगळे यश काही एकट्या स्पंजाचे नव्हते, पण चर्चा झाली ती स्पंजाचीच.

रीझमनला तो पराभव आयुष्यभर विसरता आला नाही. तो जुन्या लाकूड-रबराच्या बॅटीला धरून राहिला, आणि १९९७ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्याच जुन्या प्रकारच्या बॅटींच्या अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत पहिला आला. हट्टी माणूस! मला त्याचे कौतुक वाटते, पण त्याची तक्रार पटत नाही. सातोने नियम मोडला नव्हता. बॅट कशाची असावी हे नियमात लिहिलेलेच नव्हते. शिवाय ज्या दाणेदार रबराला रीझमन 'खरा खेळ' म्हणे, तेही एके काळी साध्या फळीवाल्यांना असेच उपटसुंभ वाटले असणार.

मात्र दुसरी बाजूही आहे आणि ती लहान नाही. सातो त्यानंतर पुन्हा जगज्जेता झाला नाही. स्पंज सर्वांच्या हातात गेला, त्याची जाडी वाढत चालली आणि प्रेक्षकांना समजेना की गुण खेळाडूने मिळवला की बॅटीने. आंतरराष्ट्रीय महासंघाला निर्णय करायला सात वर्षे लागली. १९५९ साली ठरले ते असे : नुसता स्पंज बंद. स्पंजावर रबराचा पापुद्रा हवा आणि सरस धरून दोन्हींची मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या आत. स्पंजाविना दाणेदार रबर असेल तर २ मिलिमीटर. त्या ४ मिलिमीटरांत आजचा सगळा खेळ मावला आहे. फिरकी त्यातच आहे आणि मनिका बात्राने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भल्याभल्यांना बुचकळ्यात टाकले ते लांब दाण्यांचे रबरही याच मापांच्या चौकटीत बसते. २००८ मध्ये वेग वाढवणाऱ्या उग्र सरसांवर बंदी आली, चेंडू २००० साली ३८ चा ४० मिलिमीटरचा झाला. भांडण चालूच आहे, फक्त ते सगळे रबराचे आहे. लाकडाकडे कोणी वळून पाहत नाही.

आणि मला लिहायचे होते ते लाकडाबद्दल.

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत असताना शाळेला एक टेबल मिळाले, सोबत दोन बॅटी. शाळेत खेळाचे शिक्षक नव्हते, म्हणून टेबल माझ्या गळ्यात पडले. एका हंगामात दोन्ही बॅटींचे रबर सुटले, एकीची मूठ निखळली. खेळायला ४० पोरे. नव्या बॅटींसाठी पैसे मागितले तर कागद वर जाई आणि वरच राही. शेवटी गावच्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी पहिली बॅट सागाची केली. दिसायला इतकी देखणी की देवघरात ठेवावी. पण मनगट भरून येई. याचा हिशेब सोपा आहे. बॅटीचे पान साधारण १५.७ सेंटिमीटर लांब आणि १५ रुंद, म्हणजे सुमारे १८५ चौरस सेंटिमीटर. एकाच फळीची करायची तर ती ९ मिलिमीटर तरी जाड हवी, नाहीतर रेषेवर चिरते. साग घनसेंटिमीटरला साधारण ०.६५ ग्रॅम. म्हणजे नुसते पानच १०८ ग्रॅम. मुठीचे ३५-४० ग्रॅम धरा. दीडशेच्या घरात गेली! आजच्या चांगल्या बॅटीचे लाकूड मुठीसकट ८५ ते ९० ग्रॅम असते. जपानी लोक एकाच फळीची बॅट करतात खरे, पण त्यांच्याकडे हिनोकी नावाचा सुरूसारखा वृक्ष आहे, हलका, सरळ रेषांचा आणि तरी लवचीक. साग त्याच्या मानाने फारच जड पडतो.

मग खोक्याच्या प्लायवूडची करून पाहिली. हलकी झाली, पण पावसाळ्यात पदर सुटले. बाभूळ तर विचारायलाच नको, तिची जागा नांगरात.

मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, पांगारा घिऊन बगू का?"

पांगारा आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. वसंतात लाल फुले येतात, मळ्याच्या कुंपणाला किंवा पानमळ्यात वेलाला आधार म्हणून लावतात. पांगरा, पांगरी नावाची गावे मराठवाड्यात पुष्कळ. त्याचे लाकूड इतके हलके की जळणालाही लोक नाखूष असतात. सावंतवाडीची लाकडी खेळणी परंपरेने याच लाकडाची. पण नुसता पांगारा नखाने दबतो. त्यावर मिस्त्रींनी तोड काढली. मधे पांगाऱ्याची पातळ फळी घ्यायची आणि तिच्यावर सागाचे पापुद्रे सरसाने बसवायचे. "एकाच अंगाला चिकटविलं तर फळी वाकती, गुरुजी. दोन्ही अंगाला सारखं वढलं पायजे." आणि पापुद्र्याची रेषा मुठीच्या दिशेने उभी ठेवून त्याच्याखाली एक आडव्या रेषेचा पापुद्रा घालायचा, म्हणजे पान चिरत नाही. मोजा : साग, आडवा पापुद्रा, पांगारा, आडवा पापुद्रा, साग. पाच पदर!

मी तेव्हा याकडे सुताराचा व्यवहार म्हणून पाहिले. निवृत्तीनंतर या विषयावर वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की जगातल्या बहुतेक बॅटी अशाच असतात. मधे आयूस, किरी किंवा बाल्सा यांसारखे हलके लाकूड, त्यावर आडव्या रेषेचा पदर, बाहेर लिंबा किंवा दुसरे कणखर लाकूड. पदर नेहमी विषम, पाच किंवा सात, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना ओढ सारखी राहते. मधला पदर जाड आणि ताठ केला की बॅट वेगवान होते, बारीक आणि लवचीक ठेवला की चेंडू क्षणभर जास्त रेंगाळतो आणि फिरकी देता येते. अलीकडे पदरांमध्ये कार्बनच्या धाग्यांचे जाळे घालतात, पण ते त्या उरलेल्या १५ टक्क्यांत. जपानची तामासू कंपनी १९५० पासून हेच करते, स्वीडनची स्टिगा १९४४ पासून. आमच्या मिस्त्रींनी यांतले एकही नाव ऐकलेले नव्हते. लाकूड ओले झाल्यावर आणि वाळल्यावर कसे वागते, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि प्रश्न तेवढाच होता.

चांगली बॅट कोणती, यावर तज्ज्ञ वेग, फिरकी आणि नियंत्रण या तीन शब्दांत बोलतात. आमच्या गरजा वेगळ्या होत्या. बॅट सहावीतल्या पोरीच्या मनगटाला पेलली पाहिजे, पावसाळा काढला पाहिजे आणि मोडली तर गावातच दुरुस्त झाली पाहिजे. या तिन्हींत पांगाऱ्याची बॅट दुकानातल्या बॅटीला हरवत होती, हे मी आजही ठामपणे म्हणतो. तिचा दोष उघड होता. उघड्या लाकडावरून चेंडू निसटतो, फिरकी धरत नाही. आजच्या नियमानुसार तर ज्या बाजूने चेंडू मारायचा तिच्यावर रबर हवेच, नुसते लाकूड स्पर्धेत चालत नाही. म्हणून तालुक्याला जाताना आम्ही उसन्या रबरी बॅटी नेत असू आणि पोरांना दोन दिवस आधी त्यांचा सराव देत असू. पहिल्या दिवशी सगळ्यांचे चेंडू छताकडे जायचे.

एकदा मिस्त्रींना मी सातोची हकीकत सांगितली. मुंबई, स्पंज, आवाज न होणारी बॅट, सगळी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या स्पंजाखाली लाकूड कोणतं हुतं?" मला सांगता आले नाही. त्यानंतर इतक्या वर्षांत जे काही वाचले त्यात स्पंजावर पानेच्या पाने आहेत, सातोच्या लाकडाबद्दल मला एक ओळ सापडलेली नाही. मिस्त्रींना याचे नवल वाटले नाही. घराला रंग कोणता दिला ते लोक सांगतात, तुळई कशाची आहे ते घरमालकालाही ठाऊक नसते, असे काहीसे ते म्हणाले.

अशा बॅटी त्यांनी एकूण अकरा करून दिल्या. पांगाऱ्याच्या कडा टेबलाला लागून झडत, म्हणून कडेने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवत असू. पट्टी सुटली की पोरे स्वतःच नवी लावत. माझी बदली झाली तेव्हा त्यातल्या सात वापरात होत्या.