लाक्षागृह आणि एकचक्रा

वर्ध्याहून नागपुरास जाणाऱ्या रस्त्यावर, सेलू तालुक्यांत, केळझर म्हणून गांव आहे. टेकडीवरील गणपतीमुळें तें विदर्भांतील भाविकांस परिचित आहे. परंतु गांवाची जुनी मिरास निराळीच. महाभारतांतील एकचक्रा नगरी ती हीच, बकासुराकडे अन्नाचा गाडा जात असे तो येथूनच, अशी तेथील परंपरा असून इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांतही तिची नोंद आहे. असाच हक्क खानदेशांतील एरंडोल सांगतें, बिहारांतील आरा सांगतें, आणि बंगालच्या बीरभूम जिल्ह्यांतही एक एकचक्रा आहे. या वादाचा निकाल लावण्याजोगा पुरावा कोणापाशींच नाहीं, व तो लावण्याची आम्हांस घाईही नाहीं. एखाद्या गांवानें कोणती कथा आपली म्हणून उराशीं धरली हाही इतिहासच होय. केळझरच्या या कथेकडे आमचें लक्ष पुन्हा वळलें तें मात्र एका अगदीं नव्या खेळामुळें.

या खेळास ‘एस्केप रूम’ म्हणतात. चार-सहा स्नेही मिळून पैसे भरतात आणि एका खोलींत स्वतःस कोंडून घेतात. मुदत बहुधा साठ मिनिटांची. भिंतीवरील खुणा, कुलुपांचे आंकडे, पेटींतील चिठ्ठ्या यांची संगति लावून मुदतींत बाहेर पडावयाचें. संगणकावर खेळली जाणारी हीं कोडीं खऱ्याखुऱ्या खोलींत आणलीं तीं जपानांत, क्योतो येथें, ताकाओ कातो यांनीं २००७ सालीं. दहा वर्षांच्या आंत खेळ मुंबई-पुण्यासही आला. त्यांतील भयप्रधान प्रकारावर तरुण मंडळींचा विशेष लोभ दिसतो. मिट्ट काळोख, रक्ताचे डाग, कोठूनशी येणारी किंकाळी, आणि क्वचित् भुताचें सोंग घेतलेला नटही! आमच्या वयाच्या पुष्कळांस भय विकत घेण्याचा हा प्रकार निव्वळ चाळा वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. आमच्या आज्या भुताच्या गोष्टी सांगत त्या तरी कोठें फुकट होत्या? एका रात्रीची झोंप मोजून द्यावी लागे. शिवाय कोंडलेल्या मंडळींत धीराचा कोण आणि नुसताच बोलका कोण, हें घटकाभरांत उघड होतें, हा लाभ कांहीं लहान नव्हे.

परंतु हा खेळ खेळ राहतो तो एका अटीवर. दाराबाहेर बसलेला मनुष्य आपला मित्र असला पाहिजे. तो पडद्यावर आंतील सर्व हालचाल पाहत असतो. मंडळी अडली तर इशारा देतो, घाबरली तर दार उघडतो. आदिपर्वांतील जतुगृहपर्वांत नेमकी ही अट उलटी झालेली आहे. वारणावतास घराची राखण करणारा पुरोचन हाच घातकी. दुर्योधनाच्या सांगण्यावरून त्यानें शण, राळ, तूप, तेल आणि लाख यांनीं भरलेलें घर उभारलें. बाहेरून पाहावें तर तें राजपुत्रांस साजेसें सुंदर. युधिष्ठिरानें आंत शिरतांच वासावरून सारें ओळखलें. त्याआधीं हस्तिनापूर सोडतांना विदुरानें, इतरांस उमगणार नाहीं अशा बोलींत, त्यास सूचना दिलीच होती. रान जाळणारा अग्नि बिळांत राहणाऱ्यास जाळीत नाहीं, साळिंदर बिळाच्या आश्रयानें वांचतें, हिंडणाऱ्यास वाटा कळतात आणि नक्षत्रांवरून दिशा, असा त्या बोलण्याचा आशय. जवळ उभ्या असलेल्या कुंतीसही तें कळलें नाहीं. तिला मागाहून विचारावें लागलें. पुढें विदुराचा खनक आला. घराच्या मध्यभागीं त्यानें विवर खणलें आणि त्याचें तोंड फळ्यांनीं झांकून जमिनीशीं सपाट केलें. पांडव दिवसां शिकारीच्या मिषानें रान धुंडाळीत, रात्रीं शस्त्रें उशाशीं घेऊन विवरांत निजत. साठ मिनिटें नव्हे, वर्षभर! आणि पुरोचनाचा बेत काय, तर कृष्ण चतुर्दशीच्या रात्रीं आग लावावयाची ती दारासच.

दाराची ही गोष्ट पुराणांतच राहिली असती तर बरें होतें. ४ जानेवारी २०१९ रोजीं पोलंडांतील कोशालिन शहरीं पंधरा-पंधरा वर्षांच्या पांच मैत्रिणी वाढदिवस साजरा करण्यासाठीं अशा एका खोलींत गेल्या. खोली ऊबदार ठेवण्याच्या गॅसच्या साधनामुळें बाहेरच्या दालनांत आग लागली. बाहेर पडण्याची वाट त्याच दालनांतून. आंतून दार उघडेना. धुरांतील विषारी वायूनें पांचहीजणी गेल्या. बाहेरचा मनुष्य कांहीं पुरोचन नव्हता, तोही भाजला. पुढें त्या देशांतील अशा खोल्यांची तपासणी झाली व कित्येक बंद करण्यांत आल्या. मुलांनीं या खेळास जाऊंच नये असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र आंत जाण्यापूर्वीं दुसरें दार कोठें आहे आणि पहिलें आंतून उघडतें कीं नाहीं, एवढें विचारण्यास कोणी लाजूं नये.

वारणावतास तें दुसरें दार होतें. तरीही घर रिकामें जळालें नाहीं. त्या रात्रीं कुंतीनें अन्नदान केलें. एक निषादी आपल्या पांच पुत्रांसह जेवावयास आली, मद्य पिऊन तीं सहाजणें तेथेंच झोंपीं गेलीं. काळाच्या प्रेरणेनें ती आली, असें व्यास म्हणतात. भीमानें आग लावली. पांडव आईसह विवरांतून निघाले. सकाळीं नगरजनांस पुरोचनाबरोबर एका स्त्रीचा आणि पांच पुरुषांचा देह सांपडला. राख उपसतां उपसतां खनकानें विवराचें तोंड मातीनें बुजवून टाकलें, आणि हस्तिनापुरीं धृतराष्ट्रानें कुंतीची व पांडवांची उत्तरक्रिया करविली. सहांचा हिशेब जुळला, म्हणूनच पाठलाग झाला नाहीं. त्या निषादीचें नांवही महाभारतांत नाहीं. बंगाली लेखिका महाश्वेता देवी यांनीं मात्र वनांत राहणाऱ्या वृद्ध कुंतीसमोर निषादकुळांतील एक स्त्री उभी करून तिच्याकडून जाब विचारविला आहे.

पुढें, मधलें हिडिंबेचें आख्यान सोडलें तर, कथा लागलीच एकचक्रेस येते. गाडाभर भात, दोन रेडे आणि एक मनुष्य, अशी बकासुराची घरोघर पाळी. पांडव ज्या ब्राह्मणाकडे उतरले त्याच्यावर पाळी आली. आंत बाप म्हणतो मी जातों, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. आणि चिमुकला मुलगा गवताची काडी उगारून राक्षसास मारावयास निघतो, तेव्हां त्या आकांतांतही सर्वांस हंसूं येतें. अवघ्या महाभारतांत घराचें इतकें खरें चित्र आम्हांस क्वचितच आढळलें. कुंती तें ऐकते आणि सांगते, मला पांच पुत्र आहेत, त्यांतला एक जाईल. वारणावतास तिच्या पांचांच्या जागीं दुसरीचे पांच गेले होते. येथें दुसरीच्या मुलांवरचें संकट ती आपल्या मुलावर घेते. भीमाचें बळ तिला ठाऊक होतें, हें खरें. तरी या दोन प्रसंगांचा लागोपाठ येणारा क्रम आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाहीं. केळझरानें आपली म्हणून धरली ती कथेची ही दुसरी बाजू.

युधिष्ठिर परतल्यावर त्यास हें कळतें आणि तो आईवर रागावतो: परक्याच्या पुत्रासाठीं स्वतःचा पुत्र कसा देतेस? वारणावतास, उलट बाजूनें, हा प्रश्न त्यानें विचारल्याचें आदिपर्वांत कोठें आढळत नाहीं.