आईला दाराबाहेर ठेवू नका

मुलाला रुग्णालयात ठेवले की आईने दाराबाहेर थांबावयाचे, अशी शिस्त विलायतेत कित्येक वर्षे चालली. रडे थांबले म्हणजे मूल रुळले, असा समज होता. जेम्स रॉबर्टसन यांच्या १९५२ च्या चित्रपटाने दाखविले की, ती शांतता समाधानाची नसून निराशेची असते. १९५९ मध्ये तेथील प्लॅट समितीने आईला मुलाजवळ राहू देण्याची शिफारस केली.

आता आपल्या झाडीकडे वळू. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. आप्तांना बाहेर ठेवणाऱ्या मोठ्या इमारतीच्या दवाखान्याचे भय वाटते, असे आदिवासींनी त्यांना सांगितले. म्हणून शोधग्राममधील माँ दंतेश्वरी दवाखाना झोपड्यांच्या धर्तीवर बांधला गेला. रोग्यासोबत घरची माणसे राहू लागली.

समितीला जे अभ्यासून कळले, ते रानातल्या माणसांना अनुभवाने ठाऊक होते. वेदना औषधाने शमते. परंतु सुई टोचताना मूल शोधते तो हात आईचाच. शुश्रूषेच्या इतिहासात त्या हाताचीही नोंद हवी, असे आम्हांस वाटते.